बोटीवरची माणसं

आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वय विचारलं की ती बोटीचं नाव सांगायची. कुणी तिलावा बुडाली त्या थंडीतला, कुणी गोदीत आग लागली तेव्हा पाळण्यात होता, कुणाचं लग्न रामदास बोट बुडायच्या आदल्या वैशाखातलं. शाळेच्या दाखल्यावर सगळ्यांची जन्मतारीख एक जून. ती गुरुजींनी घातलेली. बोटीवरून सांगितलेलं वय मात्र सहसा चुकायचं नाही.

गाव दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, गुहागर तालुक्याच्या अंगाला. वर डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली खलाटीत भाताचे चार तुकडे. त्या भातावर वर्ष निघत नसे. म्हणून घरटी एक तरी माणूस 'बोटीवर'. बोटीवर म्हणजे परदेशी कंपनीच्या आगबोटीवर, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वाडीतले हिंदू, मोहल्ल्यातले मुसलमान, सगळेच जायचे. मुंबईत डोंगरीला नाहीतर माझगावला गावकीची खोली असायची. भिंतीला ट्रंका लावून माणसं दाटीवाटीनं निजायची आणि सारंगाची मर्जी सांभाळत भरतीची वाट बघायची. खलाशी, आगवाला, तेलवाला, भंडारी, सुकाणी, टिंडेल, सारंग, अशी त्यांची उतरंड. माझे आबा आगवाले. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा मारायचा, राख ओढायची, चार तास झाले की वर येऊन अंगावर पाणी घ्यायचं. आठ तासांनी पुन्हा खाली.

हल्ली बातम्यांत होर्मुझ, बाब-अल-मंदेब, जिबुती, चाबहार ही नावं रोज येतात. टीव्हीवर नकाशा लावतात, त्यावर लाल बाण फिरतात. जाणकार तेलाची पिंपं मोजतात, विनाशिका आणि पाणबुड्या मोजतात. ते मोजायलाच हवं. जगातलं एक पंचमांश तेल होर्मुझच्या चिंचोळ्या वाटेनं येतं. ती वाट सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा गॅसही बहुतांश तिथूनच येतो. पण त्या नकाशात मला बोटीवरचा माणूस कधी सापडत नाही. आशियातल्या सत्ता एकमेकींना भिडल्या की समुद्रावर पहिला मार तो खातो, आणि तह झाला की सगळ्यांत आधी विसरला जातो तोही तोच. हे मी आधी ऐकलं ते आजीच्या तोंडून, माजघरात. पुस्तकं नंतर वाचली. आजीला अक्षर येत नव्हतं. तरी एडन कुठे, बसरा कुठे, मोंबासाला कुठल्या वाऱ्यावर जायचं, हे ती शेजारच्या तालुक्याबद्दल बोलावं तसं बोलायची.

गावातला सर्वांत जुना किस्सा कुणाच्याच आजोबांनी पाहिलेला नव्हता. 'फिरंग्यांनी दाभोळ जाळलं,' एवढंच सगळे सांगायचे. कधी, कशासाठी, ते नाही. लहानपणी मला वाटायचं, शिवाजी महाराजांच्या वेळची गोष्ट असेल. ती त्याच्याही दीडशे वर्षं आधीची निघाली. पोर्तुगीज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून आले आणि अरबी समुद्रातला मसाल्याचा व्यापार, जो तांबड्या समुद्रातून इजिप्तला जायचा, तो त्यांनी अडवला. इजिप्तच्या ममलूक सुलतानानं आरमार पाठवलं. त्याला दीवचा मलिक अयाज येऊन मिळाला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या नदीत झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बाप सूड घ्यायला निघाला तो दीवच्या वाटेवर, १५०८ च्या डिसेंबरअखेरीस, आदिलशाहीतल्या दाभोळ बंदरात शिरला. माणसं कापली, गाव पेटवलं आणि पुढे गेला. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवला त्यानं ते संयुक्त आरमार मोडलं.

मुलगा पडला चौलला, आग लागली दाभोळला. भांडण कैरो आणि लिस्बनचं. आजच्या तांबड्या समुद्रातल्या बातम्या वाचताना मला दाभोळची ती पाच शतकांपूर्वीची माणसं आठवतात. त्यांच्यातले कितीतरी बंदरावरचे हमाल आणि होड्या वल्हवणारे असणार. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे पोर्तुगीजांनी परवान्याची रीत काढली. त्यांचा कार्ताझ जवळ नसेल तर जहाज जप्त. होर्मुझचा किल्ला १५१५ पासून १६२२ पर्यंत त्यांच्या ताब्यात होता. शाह अब्बासनं इंग्रजांच्या जहाजांची मदत घेऊन तो घेतला. आमच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांनी त्याच न्यायानं स्वतःचं दस्तक चालू केलं, तेव्हा इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले. समुद्र कुणाच्या परवानगीनं ओलांडायचा, हा वाद एवढा जुना आहे. मला त्यात कान्होजींची बाजू पटते, हे सांगून टाकतो. ज्याच्या दारातून माणसं ये-जा करतात त्याला विचारायचं नाही, हा कुठला कायदा?

आबांच्या काळाकडे येतो, कारण तिथून मला माणसांचे आवाज ऐकू येतात.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध जाहीर झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. कोकण, गोवा, सिल्हेट, चितगाव, नोआखाली इथले. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच लागतो. म्हणून युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी कामाला नकार दिला, युद्धभत्ता मागितला. शेकडोंना तुरुंगात घातलं. तरी ते हटले नाहीत आणि शेवटी पगार वाढवावा लागला. आबा त्या संपात होते की नाही, मला ठाऊक नाही. ते स्वतःबद्दल बोलायचेच कमी. आजी सांगायची ते एवढंच: "गोरा साहेब मेला तर त्याच्या घरी तार जायची. आपला मेला तर मनिऑर्डर थांबायची. त्यावरून कळायचं."

त्या युद्धात सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशी मेले. व्यापारी जहाजांवर काम करणारे, बंदूक न उचललेले. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचं मोठं स्मारक आहे, पण बहुतेक भारतीय खलाशांची नावं तिथे नाहीत. ती नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत चितगावच्या युद्ध दफनभूमीत आणि एक आपल्याकडे, मुंबईत मशीद बंदरच्या पूर्वेला इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारकही त्याच वास्तूत आहे. बाहेर हातगाड्या, मसाल्याची पोती, ट्रकवाल्यांचा आरडाओरडा. त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना आत काय आहे ते माहीत असेल? सैनिकांच्या स्मारकाला आपण फुलं वाहतो, तशी तिथेही एक दिवस वाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

तिलावाची गोष्ट आजीचा थोरला भाऊ सांगायचा. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणत असू. ते डेकवर खलाशी होते. बी.आय. (ब्रिटिश इंडिया) कंपनीची तिलावा २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासाच्या वाटेनं आफ्रिकेला निघाली. उतारू बहुतेक गुजराती कुटुंबं, आफ्रिकेत दुकानं असलेली किंवा पहिल्यांदाच नवऱ्याकडे निघालेल्या बायका. सगळे मिळून साडेनऊशेच्या वर माणसं. तळाशी चांदीच्या पाटांची पेटाडं. २३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, सेशेल्सच्या ईशान्येला, जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागला.

मामाआजोबा सांगताना इथे थांबायचे. मग म्हणायचे, "पहिल्या धक्क्यानं बोट बुडली नाही, तिथंच घात झाला." अंधारात माणसं होड्यांवर तुटून पडली, काही होड्या उलटल्या, काही नीट उतरल्या. बोट तरंगतेय हे दिसल्यावर काही जण परत वर आले. कुणी पोराचं दूध घ्यायला, कुणी दागिन्यांचा डबा घ्यायला, कुणी नुसतंच, कारण काळ्या पाण्यातल्या होडीपेक्षा उजेड असलेली बोट बरी वाटली. त्यांच्यापैकी एका बाईला मामाआजोबांनी स्वतः हात देऊन वर घेतलं होतं. थोड्या वेळानं दुसरा टॉर्पेडो आला. मग बोट राहिली नाही. २८० माणसं गेली. उरलेल्यांना दोन दिवसांनी ब्रिटिश क्रूझर बर्मिंगहॅमनं समुद्रातून उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून उतरवलं. मामाआजोबा अनवाणी, कुणीतरी दिलेल्या नेव्हीच्या शर्टात, डोंगरीच्या खोलीवर पोचले. गावी पत्र गेलं नव्हतं, त्यामुळे घरी कुणी रडलंच नव्हतं, हे ते हसून सांगायचे. त्या बाईबद्दल सांगताना मात्र त्यांचा आवाज दर वेळी बसायचा. तिला खाली होडीतच राहू द्यायला हवं होतं, असं ते म्हातारपणीही म्हणत.

आमच्या घरात, देवांच्या फोटोंच्या ओळीत, नेताजी सुभाषचंद्रांचा लष्करी पोशाखातला फोटो होता. तो मामाआजोबांनीच आणून लावलेला. आझाद हिंद सेनेवर दिल्लीत खटले चालले तेव्हा मुंबईभर असे फोटो विकले जात. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातली पोरं तलवार बराकीतून उठली, तेव्हा मामाआजोबा मुंबईतच होते आणि त्यांनी गोदीवर त्यांच्यासाठी भाकऱ्या पोचवल्या, असं आजी अभिमानानं सांगे.

मामाआजोबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तिलावाबद्दल मिळेल ते वाचू लागलो. बुडवणारी पाणबुडी आय-२९, एवढं कळलं. मग त्याच पाणबुडीचा पुढचा प्रवास वाचला आणि मी पुस्तक मिटून उठलो. जर्मन पाणबुडीतून निघालेले नेताजी, सोबत आबिद हसन, २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करच्या बाजूला खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून ज्या जपानी पाणबुडीत चढले, ती हीच. आय-२९. तिनंच त्यांना सुमात्राजवळच्या सबांग बंदरात पोचवलं. तिथून टोकियो, सिंगापूर, आझाद हिंद सेना. तिलावा बुडाल्यापासून पाच महिने झाले होते. त्या पाणबुडीलाही १९४४ च्या २६ जुलैला एका अमेरिकन पाणबुडीनं लुझॉनच्या उत्तरेला बुडवलं.

हे मामाआजोबांना ठाऊक नव्हतं. असतं तर त्यांनी फोटो काढला असता का? मला नाही वाटत. नेताजींना इंग्रजांशी लढायला मित्र हवा होता, जपानला हिंदी महासागरात इंग्रजांची रसद तोडायची होती. दोघांचं गणित आपापल्या जागी सरळ होतं. पण त्या गणितात, पोराच्या दुधासाठी परत बोटीवर चढलेली बाई कुठे बसते? आंतरराष्ट्रीय राजकारणावरचे लेख वाचताना मला हा प्रश्न सोडत नाही. मित्र कोण, शत्रू कोण, हे देश ठरवतात, आणि वेळ आली की बदलतातही. बोटीवरच्या माणसाला दोघांच्याही पाण्यातून जायचं असतं.

गोदीच्या स्फोटाचं इथे लांबवत नाही, त्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन ही बोट, एकाच पोटात कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. आबा त्या दिवशी मुंबईत नव्हते. खोलीवरची माणसं वाचली, खोलीची कौलं गेली. ६६ अग्निशामक जवान गेले. आजही त्या तारखेला त्यांचं स्मरण होतं, हे चांगलं आहे.

स्वातंत्र्यानंतर कोळसा गेला, डिझेल आलं. कंपन्यांची नावं बदलली, भरतीची पद्धत बदलली, सारंगाचा रुबाब उतरला. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद झाला तो ५ जून १९७५ ला उघडला. आठ वर्षं बोटी केपवरून फिरत होत्या आणि आमच्या गावची माणसं घरी उशिरा यायची. त्या काळातली मुलं बापाला ओळखायची नाहीत, असं आजी सांगायची.

मग काकांची पाळी आली. काका टँकरवर तेलवाले होते, इराण-इराकच्या लढाईत. ती लढाई १९८० ला पेटली आणि १९८४ पासून दोन्ही बाजू एकमेकांचं तेल नेणाऱ्या बोटींवर मारा करू लागल्या. इराकची विमानं खार्ग बेटाजवळ क्षेपणास्त्रं सोडायची, इराणच्या स्पीडबोटी कुवेत आणि सौदीकडच्या टँकरांना गाठायच्या. चारशेहून जास्त नाविक मेले, पाचशेच्या वर बोटींना मार बसला. काका पडवीत बसून पान जमवत जे सांगायचे ते मला कुठल्याही अहवालापेक्षा लख्ख आठवतं. "भरलेला टँकर सहजी बुडत नाही. कच्च्या तेलाच्या टाकीला भोक पडलं तरी बोट चालत राहते. हे त्यांना माहीत. म्हणून ते टाकीवर मारायचेच नाहीत. माणसं राहतात तिथं मारायचे." बोटीच्या मागच्या अंगाला खलाशांच्या खोल्या, तिथेच ब्रिज, तिथेच भटारखाना. रॉकेट तिकडे यायचं. रात्री दिवे बंद, पडदे खिळ्यांनी ठोकलेले, ब्रिजभोवती वाळूची पोती, आणि लाइफजॅकेट घालूनच झोप. कुणी दार आपटलं तरी सगळे जिन्याकडे धावायचे.

१९८७ मध्ये कुवेतनं आपले टँकर अमेरिकन झेंड्याखाली आणले आणि अमेरिकेच्या युद्धनौका त्यांना सोबत करू लागल्या. पहिल्याच खेपेला, २४ जुलैला, ब्रिजटन नावाचा प्रचंड टँकर सुरुंगावर गेला. टँकर तरला. नंतर चित्र असं दिसलं की टँकर पुढे आणि त्याला सांभाळायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे, कारण सुरुंग सोसायची ताकद त्याच्यातच होती. काकांची बोट तेव्हा फुजैराच्या बाहेर नांगरून होती. रेडिओवर ऐकून सगळा खलाशीवर्ग सुन्न झाला. पुढच्या वर्षी ३ जुलैला अमेरिकेच्या विन्सेन्स नौकेनं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत दहा भारतीय. त्या विमानाच्या वाटेखालून काका कितीदा गेले असतील.

काकांनी त्या लढाईतल्या भत्त्यातून जांभ्या दगडाचं घर बांधलं, मंगलोरी कौलं घातली. गावात अजून त्याला 'इराक-इराणचं घर' म्हणतात. दरवाजाच्या उंबऱ्याला त्यांनी पितळी पट्टी ठोकली होती, बोटीवरून आणलेली; पावसाळ्यात ती हिरवी व्हायची आणि गणपतीच्या आधी काकी चिंच लावून ती घासायची. लढाई संपल्यावर काका बोटीवर गेले नाहीत. रात्री दार वाजलं की ते उठून उभे राहायचे, हे शेवटपर्यंत गेलं नाही. त्यासाठी त्यांना कुणी डॉक्टर दाखवला नाही, तसं काही दाखवायचं असतं हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

कुवेतवर १९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम चालून गेला, तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून मुंबईला अखंड फेऱ्या करून त्यांना आणलं. आमच्या मोहल्ल्यातली एक चाची तीन पोरांना घेऊन वाळवंटातल्या तळावरून आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. देशानं त्या वेळी जे केलं त्याचं कौतुक थोडं वाटावं एवढं ते मोठं होतं.

सोमाली चाच्यांच्या काळाची झळ वेगळ्याच वाटेनं आली. डिसेंबर २०१० मध्ये जहाजकंपन्यांनी धोक्याचा पट्टा पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत वाढवला; म्हणजे आपला जवळपास सगळा पश्चिम किनारा त्यांच्या नकाशावर धोक्यात गेला. बोटींवर सशस्त्र रक्षक आले. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळजवळ एका इटालियन टँकरवरच्या रक्षकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. हर्णैच्या लिलावात त्या आठवड्यात मासळीच्या भावापेक्षा याचीच चर्चा जास्त. आमची माणसं बोटीवरही तीच आणि होडीतही तीच. दुर्बिणीतून बघणाऱ्याला मात्र ती कुणीही वाटू शकतात. तो पट्टा २०१५ अखेर मागे घेतला, भारतानं वर्षानुवर्षं तगादा लावल्यावर.

आता घरातला तिसरा माणूस बोटीवर आहे, माझा पुतण्या, थर्ड इंजिनिअर. त्याच्याकडे डिग्री आहे, नाविकाचा सीडीसी दाखला आहे, केबिनमध्ये वायफाय आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हौथींनी गाझाच्या युद्धाचं कारण सांगून तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर ही बोट पळवून नेली तेव्हापासून वहिनीच्या फोनवर जहाजांचा नकाशा कायम उघडा असतो. गॅलेक्सी लीडरचे २५ खलाशी चौदा महिने अडकून पडले. त्यांतल्या एकाचाही गाझाच्या युद्धाशी संबंध नव्हता.

२०२३ च्याच डिसेंबरच्या २३ तारखेला गुजरातच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही अशा जागी केम प्लूटो या टँकरवर ड्रोन आदळलं. ही बोट मी मुद्दाम सांगतो. झेंडा लायबेरियाचा, मालक जपानी, कारभार नेदरलँड्समधून, माल सौदीतून मंगळूरला, आणि बोटीवरची माणसं जवळजवळ सगळी भारतीय. हल्ला झाला तेव्हा कुणाचा अपमान झाला? लायबेरियाकडे तर धाडायला आरमारही नाही. कायद्यानं बोट ज्याच्या झेंड्याची, संरक्षण त्याचं. प्रत्यक्षात तटरक्षक दलाची विक्रम धावली आणि तिनं बोट मुंबईला आणली. जानेवारीत मार्लिन लुआंडाला आग लागली, त्यावर २२ भारतीय; तिथे आपल्या नौदलाची विशाखापट्टणम पोचली. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्सवरच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. उरलेल्यांना आपल्या कोलकाता नौकेनं उचललं. त्याच महिन्यात पळवून नेलेल्या रुएन बोटीवरचे ३५ चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या हवाली केले आणि १७ खलाशी सोडवले. एप्रिलमध्ये इराणनं होर्मुझजवळ एमएससी एरीस ताब्यात घेतली. पोर्तुगालचा झेंडा, २५ पैकी १७ खलाशी भारतीय. त्यांना सोडवायला दिल्लीला तेहरानशी बोलावं लागलं, लिस्बनपेक्षा आपली चिंता मोठी होती.

नौदलाचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. आबांच्या काळात आपल्या माणसासाठी आपलं कुणी येत नव्हतं, आता आपली बोट येते. पण जगातल्या दर दहा नाविकांमागे अंदाजे एक भारतीय असताना, त्यांच्यातले बहुतेक दुसऱ्याच देशांच्या झेंड्यांखाली असताना, प्रादेशिक सुरक्षेची आपली सगळी चर्चा बंदरं, तळ आणि तेल यांवरच का थांबते? ग्वादर कुणाचं, हंबनटोटा किती वर्षांच्या कराराने गेलं, हे आपल्याला पाठ आहे. परदेशी बोटीवर मेलेल्या भारतीय खलाशाच्या बायकोला भरपाई कुठल्या देशाच्या कायद्यानं मिळते, ती मिळायला किती वर्षं लागतात, तिनं मुंबईतल्या कुठल्या दारात उभं राहायचं, हेही सुरक्षेचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं शोधत बायका आमच्या गावातून पहाटेच्या एसटीनं निघतात.

पुतण्याची बोट २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्राकडे निघाली होती. अशा पट्ट्यात जायला नाविक नकार देऊ शकतो. संघटनांनी झगडून मिळवलेला हक्क आहे तो. गेला तर तेवढ्या दिवसांचा दुप्पट मूळ पगार. कागद पुढे आला, त्यानं सही केली. रात्री व्हिडिओ कॉलवर वहिनीनं विचारलं, "नाही केलीस तर काय होतं?"

"कायद्यानं काही नाही. घरी पाठवतात, तिकीट त्यांचं."

"मग?"

"मग पुढच्या कॉन्ट्रॅक्टला फोन येत नाही, आई."

वहिनी काही बोलली नाही. शेवटी ती बोट तिकडे गेलीच नाही. विम्याचा हप्ता एवढा चढला की मालकानं ती केपवरून वळवली. दोन आठवडे वाढले, भत्ता गेला, पुतण्या सुखरूप परत आला. खलाशांना कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या गणपतीत आम्ही काही जणांनी गावातल्या बोटवाल्यांची यादी करायला घेतली. निवृत्त सारंग, काकांच्या वेळचे दोघे-तिघे, मोहल्ल्यातले मास्तर आणि मी. जुन्या लोकांकडे नल्ल्या निघाल्या, खलाशाच्या नोकरीची ती पुस्तकं, कसरीनं खाल्लेली, पण बोटीचं नाव आणि कप्तानाचा शेरा अजून वाचता येतो. नाव, हुद्दा, बोट, झेंडा, कुठल्या लढाईत कुठल्या पाण्यात, असे रकाने पाडले आहेत. मोहल्ल्यातली यादी वाडीतल्या यादीपेक्षा लांब निघाली. तिलावावरच्या गावकऱ्यांपैकी दोन घरांचा पत्ता लागत नाही. ती माणसं पन्नास सालानंतर शिवडीला राहायला गेली, असं सारंग सांगतात. दिवाळी झाली की तिकडे चौकशीला जायचं ठरलंय. कुणाच्या घरात अशी नल्ली माळ्यावर पडून असेल तर ती रद्दीत देऊ नका. निदान फोटो काढून ठेवा, आम्ही येऊन बघू.